उजव्या हाताचं बोलणं

तिला सगळे ठिणगी म्हणत. म्हणत म्हणजे तोंडाने नव्हे. ती बहिऱ्यांच्या शाळेत होती तेव्हा वर्गातल्या पोरींनी तिला हे नाव हाताने ठेवलं होतं. मूठ मिटायची आणि बोटं फटकन उघडायची, झाली ठिणगी. नाव पडायचं कारण असं, की कुणी खोडी काढली तर ती बाईंकडे तक्रार न्यायच्या भानगडीत पडत नसे, जागच्या जागी परतफेड करून मोकळी व्हायची. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, केस पांढरे झाले. राग मात्र नाकाच्या शेंड्यावर होता तिथेच राहिला.

ती पुस्तकं बांधायच्या कारखान्यात कामाला होती. छापून आलेले मोठाले कागद दुमडून त्यांचे फर्मे करायचे, फर्मे ओळीने लावायचे आणि पाठीकडून दाभणाने शिवायचे, हे तिचं काम. कागद कापायच्या मशीनचा तिथे एवढा धडधडाट, की ऐकू येणारे कामगार एकमेकांच्या कानाशी ओरडून घसा बसवून घ्यायचे. ठिणगी हॉलच्या या टोकाहून त्या टोकाला हात उंच करून निवांत गप्पा मारायची. तिच्या संगतीने निम्म्या कारखान्याला हाताने थोडंफार बोलता यायला लागलं होतं. शिव्या तर झाडून सगळ्यांना यायच्या.

एका सकाळी घडी दाबता दाबता तिच्या हातातली हाडाची पट्टी निसटली. उचलायला म्हणून तिने हात पुढे केला, तर हात गेलाच नाही. तिला वाटलं, मागून कुणीतरी तो धरून ठेवलाय. भयंकर चिडून तिने वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. शेजारच्या टेबलावरची बाई तिच्या चेहऱ्याकडे बघून किंचाळली. किंकाळी ठिणगीला ऐकू आली नाही, बाईचा उघडलेला जबडा तेवढा दिसला. मग पायही गेला आणि ती कागदाच्या गठ्ठ्यावर आडवी झाली.

मेंदूच्या डाव्या बाजूला, आत खोलवर, एका बारीक रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. कारखान्यातल्या लोकांनी तिला वेळेवर दवाखान्यात नेलं, जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, तोंडाचा उजवा कोपरा ओघळला. समज मात्र लख्ख होती आणि भाषाही जशीच्या तशी होती. पण ते कळायचं कुणाला? शुद्धीवर आल्या आल्या तिने डाव्या हाताने बोलायला सुरुवात केली. मला काय झालंय, माझा नवरा कुठे आहे, त्याला आत बोलवा. वॉर्डातल्या लोकांना दिसलं ते एवढंच, की एक मुकी पेशंट सलाइनची सुई टोचलेला हात हवेत उडवतेय. सिस्टर दोनदा तो हात खाली ठेवून गेल्या. तिसऱ्यांदा त्यांनी बँडेजची पट्टी आणली आणि तिचं डावं मनगट पलंगाच्या दांड्याला बांधून टाकलं.

उजवा लुळा आणि डावा बांधलेला. दुसऱ्या कुणाच्या तोंडात बोळा कोंबावा तसं झालं ते. ती छताकडे बघत पडून राहिली. ओरडली असती, पण आपल्या घशातून जे निघतं त्याला माणसं घाबरतात हे तिला शाळेपासून माहीत होतं.

तिचा नवरा सुतार, तोही बहिरा. निरोप कळताच तो रंधा टाकून धावत आला होता. वॉर्डाच्या दारातल्या माणसाने त्याला हाताने अडवलं आणि भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. भेटायची वेळ नाही, असं त्याचं म्हणणं असावं. सुतार तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला. अंगावर लाकडाचा भुसा, पायात काम करतानाच्या चपला.

मग मुलगी आली. ती ऐकू येणारी. लोकांच्या तक्रारी दिवसभर फोनवर ऐकून घेण्याची तिची नोकरी. लहानपणापासून आईबापांचे कान आणि तोंड तीच होती. दुकानात, बँकेत, शाळेच्या हेडबाईंपुढे, सगळीकडे तीच बोलायची. तिला पाहिल्यावर ठिणगीच्या जिवात जीव आला. तिने डोळ्यांनी मनगट दाखवलं, पट्टीला हिसका दिला. मुलगी सिस्टरकडे वळली. दोघींचं काहीतरी बोलणं झालं. ठिणगीला परक्यांचे ओठ वाचता येत नसत, पण या पोरीचे ओठ ती पाळण्यापासून वाचत आली होती. मुलीने सुईकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि ती सिस्टरना म्हणाली, "राहू द्या."

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपाय एकच शाबूत होता, पण आगीला तेवढा पुरला.

घरी आल्यावर काठी धरून तिला चार पावलं टाकता येऊ लागली. डावा हात भलताच हुशार निघाला. बघता बघता तो एकटा दोघांचं बोलायला लागला, जेवायला लागला, केस विंचरायला लागला. उजवा मांडीवर पडून असायचा. सुतार तिच्यावर जीव टाकायचा. तिची बटणं लावून द्यायचा, पावाचा तुकडा मोडून द्यायचा, उजवा हात उशीवर असा अलगद ठेवायचा जसं काही ते तान्हं मूल आहे. मुलगी आपली खोली सोडून पुन्हा आईबापांकडे राहायला आली. शेजारीण विचारायची, कसं वाटतंय. मुलगी सांगायची, बरं वाटतंय. डॉक्टर विचारायचे, झोप लागते का. मुलगी म्हणायची, लागते. ठिणगी एकीच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायची. वॉर्डातल्या त्या 'राहू द्या'बद्दल ती मुलीशी काही बोलली नव्हती. भांडण व्हायला हवं होतं. झालं नाही, आणि आत सडत राहिलं.

दवाखान्याच्या तळमजल्यावर व्यायामाची खोली होती. तिथली थेरपिस्ट म्हणजे आडव्या बांध्याची, फटकळ बाई. पहिल्याच दिवशी ती मुलीकडे तोंड करून बोलायला लागली तेव्हा ठिणगीने टेबलावर डावी मूठ आपटली. बाई दचकली, मग म्हणाली, "चुकलं माझं," आणि खुर्ची फिरवून तिच्यासमोर बसली. त्यानंतर ती कायम ठिणगीच्या डोळ्यांत बघूनच बोलली. मुलगी बाजूला उभी राहून ते हाताने सांगायची.

टेबलावर प्लास्टिकच्या कड्या होत्या आणि एक खुंट्यांची फळी. उजव्या हाताने एकेक कडी खुंटीला अडकवायची.

"या हाताने मी जन्मभर पुस्तकं शिवली," ठिणगी म्हणाली, "आणि आता हा पोरखेळ?" तिने डाव्या हाताने सगळ्या कड्या एका झपाट्यात उचलल्या आणि खटाखट अडकवून दाखवल्या.

"बघितलंत?" थेरपिस्ट म्हणाली. "हेच तुमचं दुखणं आहे."

मग तिने समजावून सांगितलं. मेंदूतून उजव्या हाताला हुकूम जायचा ती वाट तुटली आहे. मेलेला भाग परत उगवत नाही. पण त्याच्या आजूबाजूचा भाग जिवंत आहे आणि तो हे काम शिकू शकतो, नव्या वाटा पाडू शकतो. अट एकच, काम त्याच्या दारापर्यंत आलं पाहिजे, तेही पुन्हा पुन्हा. "तुमचा डावा हात काम मध्येच पळवतो. मेंदूला वाटतं, उजव्यावाचून आता काही अडत नाही. मग तो उजव्याची उरलीसुरली जागाही दुसऱ्या कामाला देऊन टाकतो. जरा मनगट उचला बघू. आता बोटं उघडा, जेवढी उघडतील तेवढी."

ठिणगीने दातओठ खाऊन जोर लावला. खांदा कानापर्यंत चढला, कोपर बाहेर फेकलं गेलं, आणि शेवटी बोटं थरथरत थोडीशी उघडली.

"एवढं होतंय म्हणूनच उपाय सांगते. नाहीतर सांगितला नसता." थेरपिस्टने कपाटातून जाड कापसाच्या हातमोज्यांची जोडी काढली. त्यांना वेगळी बोटं नव्हती, नुसती पिशवी, आणि मनगटाशी पट्टा होता. "झोपेतून उठल्यापासून निजेपर्यंत डावा हात यात बांधून ठेवायचा. काही आठवडे."

मुलीचे हात हवेतच थबकले. मग ती आईला म्हणाली, "त्या म्हणतात, डाव्या हाताला थोडी विश्रांती द्यायची."

ठिणगीने हातमोजा पाहिला. पट्टा पाहिला. काठी उचलली आणि तडक बाहेर पडली.

बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात माणसं बाकांवर बसली होती. त्यांच्यासमोर, काठी काखेत दाबून, भिंतीला पाठ लावून ती मुलीवर उसळली.

"खोटं बोललीस!"

"तू चिडशील म्हणून, आई."

"मी चिडू नये म्हणून खोटं. मी मरू नये म्हणून बांधून ठेवलं. तेव्हा काय म्हणालीस तू? 'राहू द्या'!"

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. "तू पाहिलंस?"

"मी कानांनी बहिरी आहे. डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"सुई निघाली असती. औषध अंगात गेलं नसतं तर..."

"मी काय सांगत होते ते विचारलंस? एकदा तरी? तुझे बाबा कुठे आहेत, एवढंच मी विचारत होते. ते बाहेर भिंतीला टेकून उभे, आणि मी आत बांधलेली. मी तिथेच मेले असते तर शेवटचा शब्द बोलायला मला एक बोट मोकळं नव्हतं!"

मुलगी रडायला लागली. आई काही विरघळली नाही.

"रडू नकोस. रडताना तुझे हात नीट दिसत नाहीत."

घरी गेल्यावर मुलीने सुताराला हातमोज्याचं सगळं सांगितलं. जेवणं झाल्यावर बायकोजवळ बसून तो एवढंच म्हणाला, "हात तुझा आहे. बांधायचा की नाही ते तू ठरव. पण बांधलास तर गाठ तुझी तू मार. मीसुद्धा हात लावणार नाही."

तिने विचार केला. शिवायला दोन हात लागतात. भांडायलाही दोन असले तर बरं पडतं. आणि मांडीवर पडलेला तो हात तिला बघवत नव्हता. दुसऱ्या कुणाचं तरी ओझं आपल्याकडे ठेवायला दिल्यासारखा तो पडून असायचा. तिला त्याचाही राग यायचा.

पुढच्या खेपेला ती थेरपिस्टपुढे जाऊन बसली. "घालीन," ती म्हणाली. "पट्टा मी दातांनी ओढणार आणि मीच सोडणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. या कड्या मला नकोत. मी उजव्या हाताने बोलणार. तोच माझा व्यायाम."

"दिवसभर पुरेल एवढं बोलाल का?" थेरपिस्टने विचारलं.

सुतार सोबत आला होता. मुलीने प्रश्न त्याला सांगितल्यावर तो पहिल्यांदा हसला. "त्याची काळजी नको," तो म्हणाला.

थेरपिस्टला कल्पना पटली. हाताला नुसती हालचाल नको असते, ती कशासाठी करायची ते कारण हवं असतं, असं ती म्हणाली. फक्त चालताना काठीसाठी डावा हात सोडायचा, आणि गरम भांड्याजवळ हातमोजा घालून फिरकायचं नाही.

ठिणगीने जोडीतला दुसरा हातमोजा उचलला आणि मुलीच्या अंगावर फेकला. "हा उजव्याचा आहे. हा तुझा. मी घरात आहे तोवर तोंडही बंद."

त्या दिवसांत त्या घराने काय काय पाहिलं! ठिणगीच्या उजव्या हातातून शब्द निघायचे ते भिजलेल्या कागदासारखे, लिबलिबीत, एकाला दुसरा चिकटलेला. ती पाणी मागायची आणि सुतार मीठ आणायचा. ती पुन्हा मागायची. तो टॉवेल आणायचा. त्याने अंदाजाने काही आणलं आणि ते बरोबर निघालं, तरी तिचा पारा चढायचा. "माझं पुरं झालं नव्हतं!" आणि "पुरं झालं नव्हतं" हे सांगायलाच एवढा वेळ लागायचा की मूळ मागणं काय होतं ते दोघंही विसरायचे. एकदा संतापाच्या भरात तिने पेला भिंतीवर फेकायला उचलला. हात मागे नेला, जोर लावला, पण मूठ सुटेना. पेला हातातच! फेकता न आलेला पेला धरून ती स्वयंपाकघरात उभी राहिली, आणि त्या क्षणी तिच्याइतकं संतापलेलं माणूस त्या सबंध गल्लीत नव्हतं.

हाताला आधी परत आल्या त्या शिव्या. त्यांना मोठे फटकारे लागतात, बारीक बोटकाम लागत नाही. सकाळी उठल्यापासून ती दवाखान्याला, सिस्टरना, दारावरच्या माणसाला, मेंदूतल्या त्या गुठळीला, मुलीला आणि मधूनमधून निरपराध सुतारालाही उजव्या हाताने शिव्या घालायची. दुपारपर्यंत हात शिशासारखा जड व्हायचा आणि डोकं सुन्न. थोडी झोप काढून ती पुन्हा सुरू.

मुलीचे हालही काही कमी नव्हते. डाव्या हाताने बोलायची तिला सवय नव्हती. एका संध्याकाळी कामावर घडलेली काहीतरी गोष्ट ती बापाला सांगत होती आणि अडखळत होती. ठिणगी प्रत्येक वाक्य मध्येच तोडून एखाद्या शब्दात तिच्या वतीने पुरं करत होती, आणि मुद्दाम चुकीचं. मुलीने दोनदा मान हलवली, तिसऱ्यांदा पाय आपटला. मग हातमोज्याची मूठ टेबलावर दाणकन आपटून ती उठली.

"आता कळलं?" ठिणगीने विचारलं. ते दोन शब्द बोलायला तिला कितीतरी वेळ लागला, आणि मुलगी तेवढा वेळ थांबली.

मग मुलगी सावकाश म्हणाली, "मला भीती वाटत होती. तू जाशील अशी."

"मलाही वाटत होती. म्हणून तर मला विचारायचं."

मुलीने मान खाली घातली, मग वर करून आईच्या हाताकडे बघत राहिली, आणखी काही येतंय का म्हणून. आणखी काही आलं नाही. ठिणगी दमली होती.

काही आठवड्यांनी एका सकाळी कशावरून तरी पुन्हा वाजलं. ठिणगीने पेला उचलला, मूठ वेळेवर सुटली, आणि पेला भिंतीवर फुटून त्याच्या ठिकऱ्या झाल्या. सुतार केरसुणी घेऊन आला. काचा भरताना त्याला हसू आवरेना. ती त्याच्यावरही चिडली, पण चिडताना बोटं उघडत होती. उशिरा, अर्धवट, तरी उघडत होती.

थेरपिस्टने हात तपासला आणि जे होतं ते सांगितलं. पकड आली, सोडणं आलं, कोपर पुष्कळसं ताब्यात आलं. अंगठा पूर्वीसारखा वळेल असं ती सांगू शकत नव्हती. दाभण धरता येईल का, या प्रश्नाला तिने मान आडवी हलवली. ठिणगीने उजव्या हाताने तिलाही एक शिवी हासडली. थेरपिस्टला ती न सांगताच कळली. "हे मात्र अगदी स्पष्ट आलं," ती म्हणाली.

हातमोजा सुटला त्याच दिवशी खोलीतून बाहेर पडताना ठिणगीने काठीने जिन्याकडे दाखवलं. "वर जायचंय. वॉर्डात."

"कशाला?" मुलीने विचारलं.

"बोलायचंय."

एकेक पायरी करत दोघी वर गेल्या. सिस्टर त्याच होत्या, टेबलाशी औषधाच्या बाटल्या लावत होत्या. त्यांनी ओळखलं नाही. ठिणगीने काठी भिंतीला टेकवली, डावा हात मुद्दाम पाठीमागे नेला आणि उजवा वर केला. पहिलं वाक्य हळूहळू, थांबत थांबत येऊ लागलं. सिस्टरनी मुलीकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा ना पटकन, काय म्हणणं आहे?"

"मला माहीत नाही," मुलगी म्हणाली. "ती बोलतेय ना."

"मग लिहून द्या. मी मोठ्या डॉक्टरांना देते."

मुलीने ते आईला सांगितलं. ठिणगी म्हणाली, "लिहिणार नाही. इकडे बघा." आणि तिने पुन्हा सुरुवात केली. प्रत्येक वाक्य संपल्यावरच मुलीने तोंड उघडलं.

"तुम्ही माझा हात बांधलात. तो हात नव्हता, माझं तोंड होतं."

"सुई निघत होती हो," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या भल्यासाठीच केलं ते."

"असेल. मला विचारलं नाहीत. माझा नवरा दाराशी उभा होता. त्याला बोलावलं असतंत तर त्याने माझं म्हणणं..."

टेबलावरचा फोन वाजला. सिस्टरनी तो उचलला आणि बोलत राहिल्या, बोट वर करून, थांबा म्हणून. ठिणगी थांबली. फोन खाली ठेवल्यावर तिने मधूनच पुढे सुरू केलं नाही, पहिल्या वाक्यापासून परत सुरुवात केली. आता तिचा हात दमून थरथरत होता आणि वाक्यं आणखी लांबली होती. दोन पलंगांवरचे पेशंट उठून बसले होते. सिस्टरनी हातातली बाटली खाली ठेवली आणि या खेपेला शेवटपर्यंत पाहिलं.

"माफ करा," त्या मुलीला म्हणाल्या.

मुलीने बोटाने आईकडे दाखवलं. सिस्टर लाल झाल्या. त्या ठिणगीकडे वळल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "माफ करा. कळलं मला."

"कळलं असेल तर पुढच्या वेळी दिसेल," ठिणगी म्हणाली आणि काठी घेऊन निघाली. माफ वगैरे तिने काही केलं नाही. जिना उतरताना मुलीने आधाराला हात पुढे केला, मग तिचा तिनेच मागे घेतला आणि एक पायरी खाली उतरून नुसती सोबत चालत राहिली.

कारखान्याच्या मालकाने ठिणगीला अर्ध्या दिवसाचं काम दिलं. पुठ्ठ्यावर कापड चिकटवायचं, खळीचा ब्रश उजव्यात आणि पुठ्ठा डाव्याखाली. ब्रश तिला जमतो. उजवा हात बोलताना अजून डाव्याच्या मागे पडतो. बहिऱ्या मैत्रिणी म्हणतात की ती आता बोबडी बोलते. त्यांना ती काय उत्तर देते ते इथे सांगण्यासारखं नाही.

शिवण गेली ती गेलीच. तिच्या जुन्या टेबलावर आता एक नवी बाई बसते. परवा ठिणगीने तिथून जाता जाता एक शिवलेलं पुस्तक उचललं, पाठ चिमटीत धरायचा प्रयत्न केला, अंगठा ऐकेना म्हणून तळहाताने दाबून पाहिली. धागा ढिला होता. तिने पुस्तक नव्या बाईपुढे आपटलं आणि डाव्या हाताने कात्री घालून सगळी शिवण उसवून टाकली. बाई रडकुंडीला येऊन मालकाकडे गेली. मालक काचेमागे हिशेब बघत बसला होता, त्याने लांबूनच हात हलवून तिला परत जायला सांगितलं. बाई परत येऊन बसली आणि दाभणात धागा ओवू लागली. ठिणगी तिच्या डोक्याशी उभी राहिली आणि पहिला टाका पडेपर्यंत हलली नाही.